ऑफिसातला मोबाइल आणि मिनिटांचा चुकीचा हिशेब

२३ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागानं कार्यालयात मोबाइल कसा वापरावा याविषयी एक परिपत्रक काढलं. कामासाठी शक्यतो टेबलावरचा दूरध्वनी वापरा, मोबाइल गरज असेल तरच; बोलताना आवाज खाली ठेवा, वाद घालू नका; खासगी फोन आला तर बाहेर जाऊन बोला; वरिष्ठांच्या दालनात आणि बैठकीत फोन सायलेंटवर ठेवा; लोकप्रतिनिधींचे आणि वरिष्ठांचे फोन मात्र विनाविलंब घ्या, असा एकूण मजकूर होता. समाजमाध्यमांच्या वाट्याला त्यात एखादंच वाक्य आलं: वापर करताना वेळेचं आणि भाषेचं भान ठेवा. चार वर्षांनी, २८ जुलै २०२५ ला, त्याच विभागानं समाजमाध्यमांवर वेगळा शासन निर्णय काढला. १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांचा आधार घेऊन त्यात शासनाच्या धोरणांवर टीका करू नका, खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद बाहेर टाकू नका असं बजावलं आहे. पहिल्या कागदात शिष्टाचार आहे, दुसऱ्यात शासनाची प्रतिमा. कामाच्या वेळेत माणूस फोनमध्ये डोकं घालून बसला की कामाचं नेमकं काय होतं, हा मूळ प्रश्न दोन्हींत बाजूला राहिला आहे.

हा गोंधळ केवळ मंत्रालयापुरता नाही. मार्च २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं तामिळनाडू सरकारला कार्यालयीन वेळेतल्या मोबाइल वापराबाबत नियम करायला सांगितलं. प्रकरण होतं ऑफिसात सहकाऱ्यांचं चित्रीकरण केल्याच्या आरोपावरून झालेल्या निलंबनाचं, म्हणजे मुळात शिस्तीचं. खासगी कंपन्यांत हेच काम ‘एचआर’ची मेल करते. भाषा गुळगुळीत असते, तक्रार तीच: लोक कामाच्या वेळेत इन्स्टाग्राम बघतात, व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, पगार मात्र पूर्ण घेतात. या तक्रारीच्या मुळाशी एक गृहीत आहे. पगार तासांचा दिला, त्यातली काही मिनिटं फोननं खाल्ली, म्हणजे तेवढ्या मिनिटांचं नुकसान झालं. माझ्या मते हे गृहीतच चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्यामुळे त्यावरचे उपायही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या थाटाचे होतात. नुकसान होतं, आणि ते मोठं असतं, पण ते मिनिटांत सापडत नाही.

मिनिटांचा हिशेब किती फसवा असतो याचं एक जुनं आणि बोलकं उदाहरण इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथ नगर परिषदेचं आहे. २००९ मध्ये या परिषदेच्या असं लक्षात आलं की कर्मचारी महिन्याला एकूण सुमारे ४०० तास फेसबुकवर घालवतात. जनतेच्या पैशांवर ४०० तास! गदारोळ झाला आणि फेसबुक बंद करण्यात आलं. परिषदेचे कर्मचारी होते साडेचार हजारांच्या आसपास. ४०० तासांना त्या संख्येनं भागलं तर माणशी महिन्याला साडेपाच मिनिटंही पडत नाहीत. चहा करायलाही त्याहून जास्त वेळ लागत असेल. आकडा एकत्र केला की घोटाळा दिसतो आणि वाटून टाकला की काहीच उरत नाही. तेव्हा समाजमाध्यमांवरची बंदी मिनिटांच्या आधारावर उभी करायची तर ती टिकणार नाही. कोणताही कर्मचारी चहाच्या टपरीकडे, सिगारेटसाठी जिना उतरणाऱ्यांकडे आणि दुपारच्या जेवणानंतर रेंगाळणाऱ्या साहेबांकडे बोट दाखवू शकतो. तो खोटं बोलत नसतो.

मग नुकसान कुठे आहे? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क गेली दोन दशकं ऑफिसात काम करणाऱ्यांच्या मागे बसून, घड्याळ लावून आणि नंतर संगणकातल्या नोंदींवरून हे मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत असे. त्यांच्या २०२३ च्या पुस्तकात ही सरासरी ४७ सेकंदांवर आली आहे. त्यांच्याच २००५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की मध्येच तुटलेलं काम बहुतेकदा त्याच दिवशी पुन्हा हाती घेतलं जातं, पण सरासरी पंचवीस मिनिटांनी, आणि दरम्यान माणूस दुसऱ्या दोन कामांत शिरून आलेला असतो. व्यवस्थापनावरच्या भाषणांत हा आकडा ‘प्रत्येक व्यत्ययाला पंचवीस मिनिटं वाया’ असा फिरवला जातो, तो तसा नाही. ती मिनिटं वाया गेलेली नसतात, दुसऱ्या कामात गेलेली असतात. पण मूळ कामाचा धागा तेवढा वेळ लोंबकळत राहतो हे खरं. व्यत्यय सगळे बाहेरून येतात असंही नाही. मार्क यांच्या निरीक्षणांत निम्म्याच्या आसपास वेळा माणसानं स्वतःच स्वतःचं काम तोडलेलं होतं. कुणी हाक मारली नव्हती, घंटी वाजली नव्हती. हात आपोआप गेला होता.

धागा सुटणं म्हणजे काय, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला की त्याचं लक्ष पूर्ण वळत नाही, पहिल्याचा अंश मागे राहतो आणि दुसरं काम त्या प्रमाणात कच्चं होतं. हे इकडून तिकडे जाताना घडतं तसंच परत येतानाही घडतं. आता एखाद्या जिल्हा कार्यालयातलं आस्थापनेचं टेबल घ्या. महिन्याची वीस तारीख उलटली आहे आणि लिपिक सेवार्थ प्रणालीत वेतन देयक तयार करतो आहे. एका कर्मचाऱ्याची वेतनवाढ, दुसऱ्याची बिनपगारी रजा, तिसऱ्याच्या महागाई भत्त्याची थकबाकी, चौथ्याच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता. तिसऱ्याचे आकडे डोक्यात जुळवत असतानाच कीबोर्डशेजारी उताणा ठेवलेला फोन उजळतो. बॅचमेट्सच्या ग्रुपवर कुणाच्या तरी बदलीची बातमी आहे. तो वाचतो, अंगठा टाकतो, फोन ठेवतो. वीस सेकंद. परत पडद्याकडे येतो तेव्हा थकबाकी जानेवारीपासून धरली होती की जुलैपासून, हे पुन्हा सेवापुस्तकात बघावं लागतं. बघितलं तर दोन मिनिटं गेली. न बघता अंदाजानं पुढे गेला तर देयक कोषागारातून आक्षेप लागून परत येतं, आहरण व संवितरण अधिकाऱ्याची पुन्हा सही लागते आणि सगळ्या कार्यालयाचा पगार लांबतो. त्या वीस सेकंदांची नोंद कोणत्याही हजेरीपटात होणार नाही. लांबलेल्या पगाराची चर्चा मात्र सगळे करतील, आणि दोष ‘सर्व्हर डाऊन’वर जाईल.

फोन उचललाच पाहिजे असंही नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकाग्रतेचं काम दिलं आणि मध्येच त्यांच्या फोनवर सूचना पाठवल्या. त्यांनी फोनला हात लावला नाही, तरी नुसत्या गुरगुरीनं चुका वाढल्या, कारण मन ‘कोण असेल’ या प्रश्नाकडे गेलं होतं. इथे प्रामाणिकपणे एक उलट पुरावाही नोंदवायला हवा. मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात ज्यांना वारंवार अडवलं गेलं त्यांनी काम उलट लवकर संपवलं, आणि दर्जातही मोठा फरक पडला नाही. पण त्याच लोकांनी जास्त ताण, जास्त चिडचिड आणि जास्त दमणूक नोंदवली. म्हणजे माणूस तुटलेल्या वेळेची भरपाई करतो, फक्त ती स्वतःच्या अंगावर घेतो. प्रयोग जेमतेम अर्ध्या तासाचा होता. साडेआठ तासांच्या दिवसात, आठवड्याचे पाच दिवस, ही भरपाई किती पुरेल याचा अंदाज संध्याकाळी लोकलमध्ये बसलेल्या चेहऱ्यांवरून करता येईल.

‘पूर्वी लोक टपरीवर जात, आता फोन बघतात, फरक काय?’ हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण विश्रांती लागतेच. सतत आठ तास लक्ष देणारा माणूस अस्तित्वात नाही. मेलबर्न विद्यापीठाचे ब्रेंट कोकर यांनी २००९ मध्ये तीनशे कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून सांगितलं होतं की कामाच्या वेळेत थोडंफार इंटरनेट चाळणारे लोक न चाळणाऱ्यांपेक्षा नऊ टक्के जास्त उत्पादक असतात, अट एवढीच की हे चाळणं एकूण वेळेच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहावं. फोनच्या बाजूनं बोलणारे हा अभ्यास आवडीनं पुढे करतात. पण तो २००९ चा आहे. तेव्हा चाळणं म्हणजे टेबलावरच्या संगणकावर क्रिकेटचा स्कोअर किंवा बातमी उघडणं होतं. पान संपलं की चाळणं संपायचं. टपरीवरचा चहाही संपतो, पेला परत द्यावा लागतो, सोबतचा माणूस ‘चला’ म्हणतो आणि परतीच्या जिन्यात ऑफिसच्याच गोष्टी निघतात. समाजमाध्यमांना हा शेवट नाही, आणि तो नसणं हा अपघात नाही. खाली सरकवत राहावं तसं पान वाढतच जाईल ही रचना डिझायनर अझा रास्किन यांनी २००६ च्या सुमारास केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. फेसबुकचं ‘लाइक’ २००९ मध्ये आलं, व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा २०१४ मध्ये, भारतात टिकटॉकवर बंदी येऊन महिनाही होत नाही तोच जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामचे रील्स. प्रत्येक सोयीनं माणसाला थांबण्याचं एक कारण कमी केलं आणि परत येण्याचं एक वाढवलं. तेव्हा टपरी आणि रील यांतला फरक वेळेचा नाही. विश्रांती कधी संपली हे ठरवण्याचा अधिकार टपरीवर कर्मचाऱ्याकडे असतो, रीलवर तो कॅलिफोर्नियातल्या एखाद्या कंपनीकडे असतो.

इतकं मान्य केलं की पुढचा प्रश्न सरळ येतो: मग बंदीच का घालू नये? काही कामांत बंदी हवीच, आणि ती आहेही. १२ सप्टेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसमधल्या चॅट्सवर्थ इथे प्रवासी गाडी मालगाडीवर आदळून २५ माणसं मेली. चौकशीत निघालं की प्रवासी गाडीच्या चालकानं धडकेच्या २२ सेकंद आधी फोनवरून संदेश पाठवला होता आणि लाल सिग्नल त्याच्या नजरेतून निसटला होता. एसटीचा चालक, रेल्वेचा लोको पायलट, शस्त्रक्रियेतली परिचारिका, प्रेसमशिनवरचा कामगार यांच्याबाबत चर्चेला जागाच नाही. कॉल सेंटरमध्ये ग्राहकांच्या बँक कार्डांची माहिती हाताळणारे लोक फोन लॉकरमध्ये ठेवून आत जातात. तिथे कारण माहितीच्या सुरक्षेचं आहे आणि ते कर्मचाऱ्यालाही पटतं. बंदी टिकते ती तिचं कारण कामातच दिसतं तेव्हा. लिपिक, शिक्षक, बँकेतला अधिकारी, सॉफ्टवेअर अभियंता यांच्याबाबत बंदी घालणारा माणूस मात्र दोन अडचणींत सापडतो.

पहिली अडचण मनाची आहे. कोपनहेगनमध्ये झालेल्या एका प्रयोगात काही जणांना विनोदी चित्रफीत बघू दिली आणि काहींना ती समोर असूनही बघायची नाही असं बजावलं. नंतर दोन्ही गटांना मोजणीचं तेच काम दिलं. ज्यांना मनाई केली होती त्यांनी जास्त चुका केल्या, कारण मोह आवरण्यात शक्ती खर्च झाली होती. दुसरी अडचण व्यवहाराची. २००९ मध्ये ऑफिसच्या सर्व्हरवरून ऑर्कुट किंवा फेसबुक बंद केलं की ते खरोखर बंद व्हायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा स्वस्त डेटा आहे. सर्व्हरवर कुलूप लावणं म्हणजे पुढचं दार बंद करून मागचं सताड उघडं ठेवणं. मग पुढची पायरी येते ती पाळतीची, आणि तिथे मालकही तोंडघशी पडतो. लंडनमध्ये बार्कलेज बँकेनं २०२० मध्ये कर्मचारी टेबलावर किती वेळ आहेत हे मोजणारी प्रणाली लावली आणि ओरड झाल्यावर काढून टाकली. अमेरिकेतल्या वेल्स फार्गोनं २०२४ मध्ये डझनावर लोकांना काढलं, कारण ते कीबोर्ड चालू असल्याचा नुसता आभास निर्माण करत होते. मोजमाप कीबोर्डच्या हालचालीचं ठेवलं की कामाऐवजी हालचाल मिळते, यात आश्चर्य ते काय.

पाळतीला कायद्याचीही मर्यादा आहे. रुमानियातले अभियंता बोग्दान बर्बुलेस्कू यांना २००७ मध्ये नोकरीवरून काढलं, कारण ग्राहकांच्या चौकशीसाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवरून ते भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलत होते. कंपनीनं त्या संभाषणांची छापील प्रत काढून दाखवली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २०१६ मध्ये आधी कंपनीची बाजू उचलली, पण ५ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या पीठानं ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल फिरवला. मालकाला लक्ष ठेवता येतं, पण किती आणि कसं हे आधी सांगायला हवं, आणि कामाच्या जागी पाऊल टाकलं म्हणून माणसाचं खासगी आयुष्य शून्य होत नाही, असं त्या निकालाचं सार. त्याच्या दोनच आठवडे आधी, २४ ऑगस्टला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला होता. खासगी नोकरीत तो नेमका कसा लागू होईल हा वेगळा विषय, पण कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर हात टाकणाऱ्या साहेबानं आता दोनदा विचार करावा एवढं नक्की.

बंदी चालत नाही आणि मोकळीकही चालत नाही, तर मधला मार्ग आहे का? आहे, आणि त्याचा एक चांगला पुरावा भारतातलाच आहे. २०१९ मध्ये संशोधक निकोलस फिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या २३७ स्मार्टफोनधारकांवर दोन आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला सूचना नेहमीसारख्या, आल्या तशा मिळत होत्या. दुसऱ्याला दर तासाला एकत्र, तिसऱ्याला दिवसातून ठरलेल्या तीन वेळी, आणि चौथ्याला अजिबात नाही. सगळ्यात जास्त फायदा झाला तो दिवसातून तीन वेळा सूचना मिळणाऱ्यांचा: लक्ष टिकलं, काम जास्त झाल्यासारखं वाटलं, ताण कमी झाला, फोन आपल्या ताब्यात आहे असं वाटू लागलं. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांना यातला फारसा लाभ झाला नाही; उलट काहीतरी सुटतंय ही धास्ती वाढली. कोपनहेगनच्या प्रयोगाशी हे जुळतं. माणसाला फोन मिळणार आहे हे ठाऊक असेल, केव्हा मिळणार हेही ठाऊक असेल, तर मधला वेळ तो कामाला देऊ शकतो. परावृत्त करणं आणि मनाई करणं यांतलं अंतर एवढंच आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे.

इथे साहेबलोकांना न आवडणारी गोष्ट येते. कर्मचाऱ्यानं फोन तीनदाच बघावा असं म्हणायचं तर कामाचे आदेश फोनवर यायचे थांबले पाहिजेत. आज महाराष्ट्रातलं असं कोणतं कार्यालय आहे ज्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही? बैठकीची वेळ, मागवलेली माहिती, ‘तात्काळ’ असा शेरा मारलेला तक्ता, जिल्ह्याहून आलेलं पत्र, सगळं तिथेच पडतं. त्याच ग्रुपवर सकाळी फुलांसह सुप्रभात, दुपारी वाढदिवसाचा केक आणि साहेबांच्या सत्काराच्या फोटोखाली चाळीस अंगठेही पडतात. अंगठा दिला नाही तर नजरेत येतं, म्हणून तो द्यावाच लागतो. गावोगावचे शिक्षक अशैक्षणिक कामांच्या नावानं जी ओरड करतात तिच्यातला मोठा भाग या मागवलेल्या माहितीचा आहे. अंगणवाडी सेविकांना तर २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये रोजची नोंद करणं बंधनकारक झालं. बिघडलेल्या, कमी क्षमतेच्या फोनांना कंटाळून त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत करण्याचं आंदोलन केलं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्यासाठी मेटाशी करार केला, नागरिकांची सोय म्हणून तो चांगलाच आहे. पण ज्या अ‍ॅपवर कार्यालय चालतं तेच अ‍ॅप कार्यालयात उघडू नका, हे सांगायला जीभ कशी रेटायची? लिपिक साहेबांचा संदेश वाचायला फोन उचलतो आणि चार मिनिटांनी कुणाच्या तरी बारशाचे फोटो बघत असतो. त्याचा दोष आहे, पण दार त्यानं उघडलेलं नाही.

हीच गोष्ट उलट दिशेनंही खरी आहे. ऑफिसात घर शिरतं ही मालकाची तक्रार, तर घरात ऑफिस शिरतं ही कर्मचाऱ्याची. २०१८ च्या अखेरीस बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे खासगी विधेयकांचं होतं तेच त्याचं झालं. पण त्यातला व्यवहार मालकांनी लक्षात घ्यावा: रात्री साडेदहाला ‘उद्या सकाळपर्यंत पाठवा’ असा संदेश टाकणाऱ्या साहेबाला सकाळी साडेअकराला कर्मचारी मुलीच्या शाळेचा ग्रुप बघतो म्हणून रागावण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. वेळेची हद्द एका बाजूनं मोडली की दुसऱ्या बाजूनंही मोडतेच.

मुलीच्या शाळेचा उल्लेख उगाच केलेला नाही. फोनच्या वापरावर मर्यादा आणण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे: घरी तान्हं मूल, आजारी सासूबाई, शाळेच्या बसची वेळ, यांचा भार ज्यांच्यावर आहे त्यांनी फोन दूर ठेवायचा कसा? हा भार बहुतेक वेळा बाईवर असतो, म्हणून ढोबळ नियमाचा फटकाही तिलाच बसतो. यावर उत्तर साधं आहे आणि मोबाइलपूर्व काळात ते प्रत्येक कार्यालयात होतं. शाखेतला एक क्रमांक घरी दिलेला असायचा, फोन आला की शिपाई हाक मारायचा. आजच्या फोनमध्ये तर ठरावीक चार क्रमांकांचेच फोन वाजतील आणि बाकी सगळं गप्प राहील अशी सोय आहे. आईचा फोन वाजणं आणि रील वाजणं यांत भेद करता येतो. नियम लिहिणाऱ्यानं तो करायचे कष्ट घ्यायला हवेत.

‘काम झालं की नाही ते बघा, माणूस फोन किती बघतो ते कशाला?’ असंही म्हटलं जातं, आणि आयटीत ते बऱ्याच अंशी पटतं. पण सगळी कामं एकट्याची नसतात. अभियंत्याला ज्या उत्तरावाचून पुढे जाता येत नाही ते उत्तर शेजारच्याच्या अर्धवट लक्षात अडकलेलं असतं. आणि तहसील कार्यालयातली खिडकी, बँकेचा काउंटर, सरकारी दवाखान्यातला केसपेपर या जागी काम म्हणजेच समोरच्या माणसाकडे लक्ष देणं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसासमोर लिपिक फोनमध्ये हसत असेल, तर महिन्याअखेरीस त्याच्या दाखल्यांची संख्या पूर्ण भरली म्हणून काही बरोबर ठरत नाही. खिडकीवरचा नियम म्हणूनच आतल्या टेबलापेक्षा कडक असावा: खिडकी उघडी असेतोवर फोन खणात, आणि त्या बदल्यात दर दोन तासांनी खिडकीवरच्या माणसाची खरी बदली, नुसता नावाला चहा नव्हे.

आतल्या टेबलांसाठी काय करता येतं याचा एक नमुना संशोधक लेस्ली पर्लो यांनी १९९० च्या दशकातच दिला होता, व्हॉट्सअ‍ॅप जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर अभियंत्यांचा गट रात्ररात्र बसत होता. कामाचा वेळ पुरत नाही ही तक्रार. पर्लो यांनी बघितलं तर दिवसभर ते एकमेकांना आणि साहेब त्यांना अडवत होते, आणि खरं काम संध्याकाळनंतर सुरू होत होतं. त्यांनी आठवड्यातले तीन दिवस सकाळपासून दुपारी बारापर्यंत कुणी कुणाला अडवायचं नाही असा प्रयोग केला. बहुतेकांचं काम वाढलं आणि ते बनवत असलेलं यंत्र ठरल्या मुहूर्तावर बाजारात आलं, जे त्या विभागात क्वचितच घडत असे. आपल्याकडे मंत्रालयात फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शनिवारची भरपाई म्हणून रोजचा वेळ वाढवला, पण त्यातला सलग वेळ किती, हे कुणी विचारलं नाही. अकरा ते एक ग्रुप बंद, एक ते दोनमध्ये जेवण आणि फोन, साडेतीनला पुन्हा पंधरा मिनिटं, असा दिवस बांधायला पैसा लागत नाही आणि नवं परिपत्रकही लागत नाही. त्या दोन तासांत साहेबांनी स्वतः काही टाकायचं नाही, एवढंच लागतं.

पर्लो यांच्या प्रयोगाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. पर्लो कंपनीतून निघून गेल्या आणि थोड्याच दिवसांत शांत सकाळी बंद पडल्या. सगळ्यांना त्यांचा उपयोग पटला होता, तरीही. कारण बढती ज्यांना मिळत होती ते ऐनवेळी धावून जाऊन आग विझवणारे लोक होते; आग लागूच नये म्हणून सकाळभर मान खाली घालून बसणारा माणूस वरच्यांच्या नजरेत येत नव्हता. आपल्या कार्यालयांतही रात्री अकराला ग्रुपवर ‘येस सर’ टाकणारा नजरेत येतो, आणि ज्याचं वेतन देयक आक्षेपाशिवाय पास होतं त्याचं नाव कोषागाराबाहेर कुणाला माहीत नसतं.